अंकीय एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेरा, प्रारंभिक श्रेणीचा

चित्र घेणाऱ्या भिंगातूनच आलेला प्रकाश आरशाच्या साहाय्याने दृश्यदर्शकाकडे वळविणाऱ्या, भिंग बदलता येणाऱ्या व फिल्मऐवजी अर्धसंवाहक संवेदकावर चित्र नोंदविणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी नवशिक्या व हौशी छायाचित्रकारांसाठी कमी किमतीत तयार केलेला वर्ग. व्यवहारात तो ‘एंट्री लेव्हल डीएसएलआर’ या नावाने ओळखला जातो. २००३ मध्ये हा वर्ग बाजारात अवतरला, २०१२ च्या सुमारास त्याचा प्रसार कळसाला पोहोचला आणि २०२० नंतर तो झपाट्याने मागे पडला. या वर्गाची घडण नव्या शोधांपेक्षा वजाबाकीने अधिक झाली आहे. वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यातून एकेक सोय काढून घेत त्याची किंमत उतरविण्यात आली. त्यामुळे अशा कॅमेऱ्याची निवड करणे म्हणजे कोणती गोष्ट वगळलेली आहे व तिच्यावाचून आपले अडेल काय, हे ओळखणे होय. जाहिरातींत मात्र काय दिले आहे एवढेच सांगितले जाई. परिणामी अनेकांनी साठविलेले पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च केले. नवी मुंबईच्या खाडीकाठी पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्या हौशी मंडळींच्या अनुभवाशी ताडून पाहिले असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

रचना : भिंगामागे ४५ अंशांत बसविलेला आरसा प्रकाश वरच्या घुसलेल्या काचेवर पाडतो. तेथे उमटलेली प्रतिमा पंचकोनी लोलकातून सुलटी होऊन डोळ्याला दिसते. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, झडप उघडते व प्रकाश संवेदकावर पडतो. चित्रात जे येणार तेच डोळ्याला दिसते, हा या रचनेचा मुख्य गुण आहे. लांब केंद्रांतराचे भिंग लावले तरी तो कायम राहतो. म्हणूनच पक्षी, खेळ व वृत्त यांच्या छायाचित्रणात या कॅमेऱ्याने दीर्घकाळ वर्चस्व गाजविले. प्रारंभिक श्रेणीत पहिली वजाबाकी येथेच झाली. भरीव काचेच्या लोलकाऐवजी पोकळ आरशांची जुळणी बसविण्यात आली. त्यामुळे कॅमेरा हलका व स्वस्त झाला. परंतु दृश्य लहान व किंचित अंधूक दिसू लागले, तसेच प्रत्यक्ष चित्राचा सु. ९५ टक्के भागच दृश्यदर्शकात दिसू लागला.

पूर्वेतिहास : एकभिंगी प्रतिक्षेपी रचनेचे एकस्व टॉमस सटन यांनी इंग्लंडमध्ये १८६१ मध्ये घेतले. ३५ मिमी. फिल्म वापरणारा ‘कीने एक्झाक्टा’ हा या प्रकारचा कॅमेरा ड्रेझ्डेन येथे १९३६ मध्ये तयार झाला. कळ दाबल्यावर आपोआप खाली परतणारा आरसा जपानमधील आसाही कंपनीने १९५४ मध्ये आणला. तोपर्यंत प्रत्येक चित्रानंतर दृश्यदर्शकात अंधार होत असे. १९५९ मध्ये निकॉन कंपनीचा ‘एफ’ हा कॅमेरा आला. त्याच्याबरोबर आलेली भिंगबैठक, म्हणजे ज्या कड्यात भिंग अडकविले जाते ते कडे, या कंपनीने पुढे सहा दशके मूलतः तीच ठेवली. याउलट कॅनन कंपनीने १९८७ मध्ये स्वयंचलित केंद्रीकरणासाठी जुनी बैठक टाकून देऊन नवी ‘ईएफ’ बैठक आणली. तिच्यावर त्याच कंपनीची जुनी भिंगे बसत नसल्याने गिऱ्हाइकांत बरीच नाराजी पसरली. या दोन निर्णयांचे पडसाद अंकीय काळातील निवडीवर उमटले.

मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. असे असले, तरी उत्तम कॅमेरा सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती येण्यास पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध होते व जकातही जबर होती. घरोघरी दिसे तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज कंपनीने तयार केलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ यासारखा साधा कॅमेरा. बदलत्या भिंगांचा कॅमेरा बहुधा परदेशाहून परतणाऱ्या नातलगामार्फत येई. जो येईल तो ठेवून घ्यायचा, अशी स्थिती असल्याने निवडीचा प्रश्नच उद्भवत नसे. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने आयातीचे दरवाजे क्रमशः उघडले आणि दुकानाच्या फळीवर दोन-तीन कंपन्यांचे कॅमेरे शेजारी शेजारी मांडलेले दिसू लागले. मुंबईत हा व्यापार प्रामुख्याने फोर्ट भागातील बोरा बाजारात एकवटलेला होता. १९९२ मध्ये हार्बर रेल्वेमार्ग वाशीपर्यंत आल्यावर नवी मुंबईच्या रहिवाशांना तो गाडी न बदलता गाठता येऊ लागला, कारण या मार्गाचे मुंबईकडील शेवटचे स्थानक बोरा बाजाराला लागूनच आहे.

अंकीय तंत्राचा प्रवेश : विद्युत् भार-युग्मित संवेदकाची कल्पना विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये मांडली. तीबद्दल त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी सु. ३·६ किग्रॅ. वजनाचा अंकीय कॅमेरा जुळविला. त्यातील चित्र केवळ दहा हजार बिंदूंचे होते व ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्यावर आधारलेला १३ लक्ष चित्रबिंदूंचा कॅमेरा विक्रीस आणला. त्याची साठवण-पेटी स्वतंत्रपणे खांद्यावर वाहावी लागे. निकॉनचा ‘डी१’ (१९९९) वृत्तछायाचित्रकारांनी स्वीकारला. हे सर्व कॅमेरे व्यावसायिकांपुरतेच होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रारंभिक श्रेणीचा उदय : कॅननचा ‘ईओएस ३००डी’ हा कॅमेरा २००३ मध्ये १८–५५ मिमी. भिंगासह अमेरिकेत ९९९ डॉलर किमतीला आला. हजार डॉलरांच्या आत आलेला हा या प्रकारचा पहिला कॅमेरा असून ६३ लक्ष चित्रबिंदूंचा त्याचा संवेदक त्याच कंपनीच्या अधिक महाग ‘१०डी’ या कॅमेऱ्याच्या जातीचाच होता. धातूऐवजी रुपेरी प्लॅस्टिकचे कवच, लोलकाऐवजी आरसे आणि आतील आज्ञावलीद्वारे रोखून धरलेल्या काही सोयी एवढाच दोहोंत प्रमुख फरक होता. काही तंत्रज्ञ हौशी मंडळींनी आज्ञावलीत फेरफार करून त्यांपैकी काही सोयी पुन्हा मोकळ्या केल्या. सोय यंत्रात असूनही ती बंद ठेवून स्वस्त यंत्र विकले जाते, हे या प्रकाराने प्रथमच उघडपणे दिसून आले.

निकॉनने २००४ मध्ये ‘डी७०’ व २००५ मध्ये ‘डी५०’ आणून स्पर्धा सुरू केली. २००६ मधील ‘डी४०’ मध्ये झालेली वजाबाकी दूरगामी ठरली. तोपर्यंत या कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या अंगात एक छोटी मोटर असे व ती भिंगातील केंद्रीकरणाची यंत्रणा फिरवी. ‘डी४०’ मधून ही मोटर काढण्यात आली. त्यामुळे ज्या भिंगांत स्वतःची मोटर आहे, अशा ‘एएफ-एस’ प्रकारच्या भिंगांचेच केंद्रीकरण त्यावर आपोआप होई. जुनी भिंगे बैठकीत बसत, पण केंद्रीकरण हाताने करावे लागे. त्याहून जुन्या भिंगांच्या बाबतीत कॅमेऱ्याचा प्रकाशमापकही चालत नसे. आधीच्या पिढीचे भिंग घरात आहे म्हणून त्याच कंपनीचा कॅमेरा घेणाऱ्या, किंवा स्वस्त पडते म्हणून वापरलेले जुने भिंग घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक बहुधा घरी गेल्यावर कळे. पुढील ‘डी६०’, ‘डी३०००’ व ‘डी५०००’ या मालिकांतही तीच स्थिती राहिली. १९५९ पासून अखंड चालत आलेली बैठक ही निकॉनची प्रौढी खरी होती. मात्र स्वस्त कॅमेऱ्यापुरती ती अर्धीच खरी उरली. कॅननच्या बाजूस सर्व ‘ईएफ’ भिंगांत प्रथमपासून मोटर असल्याने ही अडचण आली नाही. १९८७ मधील नाराजीची भरपाई अशी वीस वर्षांनी झाली.

कॅननने २००८ मध्ये ‘१०००डी’ काढून प्रारंभिक श्रेणीच्याही खाली आणखी एक पायरी निर्माण केली. तिचा शेवट २०१८ मधील ‘१५००डी’ व ‘३०००डी’ यांत झाला. ‘३०००डी’ मध्ये भिंगबैठक प्लॅस्टिकची असून चष्म्याच्या क्रमांकानुसार दृश्यदर्शक जुळवून घेण्याची सोयही गाळलेली आहे. २०१९ मधील ‘२००डी मार्क २’ मध्ये दिव्याच्या बैठकीतील मधला विद्युत् संपर्क वगळल्याने सर्वसाधारण बनावटीचे झोतदिवे त्यावर पेटत नाहीत. एकच कॅमेरा जपानात ‘किस’, अमेरिकेत ‘रिबेल’ आणि अन्यत्र क्रमांकाने विकला जाई व हे क्रमांकही कधीकधी देशपरत्वे वेगळे असत. उदा., भारतातील ‘१५००डी’ यूरोपात ‘२०००डी’ होता. नातलगाने परदेशातून सुचविलेले नाव येथील दुकानात न सापडल्याने अनेकांचा गोंधळ उडे.

चित्रबिंदूंची संख्या हे या काळातील जाहिरातींचे मुख्य भांडवल होते. ती २००३ मधील ६३ लक्षांवरून २०१८ मध्ये निकॉनच्या ‘डी३५००’ या कॅमेऱ्यात २४२ लक्षांवर गेली. तिचे महत्त्व किती मानावे, हे नवी मुंबईच्या खाडीकाठी तपासून पाहता येते.

नवी मुंबई परिसरातील वापर : नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडको हे महामंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. शहराच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी असून तिच्या चिखलवटीवर हिवाळा व उन्हाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत करण्यात आला. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नावेने थव्यांजवळ जाता येते. मोठ्या भरतीच्या वेळी चिखलवट बुडाली, की पक्षी नेरूळ-सीवूड्स भागातील पाणथळ जागांवर येऊन विसावतात. दूर अरण्यात न जाता, घरापासून पायी अंतरावर हजारो पक्षी दिसण्याची ही सोय दुर्मिळच म्हटली पाहिजे. पहिला कॅमेरा घेण्यास या परिसरात अनेकांना तीच निमित्त ठरली.

लहान रोहित पक्ष्याची उंची सु. ९० सेंमी. असते. तो ६० मी. अंतरावर उभा आहे असे मानले, तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८–५५ मिमी. भिंगाने, ते पुरते लांबवूनही, संवेदकावर त्याची केवळ ०·८ मिमी. उंचीची प्रतिमा पडते. ३०० मिमी. भिंगाने ती ४·५ मिमी. होते. २४२ लक्ष चित्रबिंदूंच्या संवेदकावर पहिल्या प्रतिमेच्या वाट्याला उभे सु. २१० बिंदू येतात. ६१ लक्ष बिंदूंच्या जुन्या ‘डी४०’ वर ३०० मिमी. भिंग लावले, तर त्याच पक्ष्याला सु. ५७० बिंदू मिळतात. म्हणजे बारा वर्षे जुना, चौपट कमी बिंदूंचा कॅमेरा योग्य भिंगासह नव्या कॅमेऱ्याहून पावणेतीनपट तपशील देतो. नव्या कॅमेऱ्याला ३०० मिमी. भिंग लावल्यास बिंदू सु. १,१५० होतात हे खरे. परंतु बेताच्या पैशांत प्रथम भिंग की प्रथम नवा कॅमेरा, या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. पुष्कळांनी ते उलट दिले. सगळी रक्कम नव्या कॅमेऱ्यावर घातली आणि लांब भिंगाचे पुढच्या वर्षी पाहू असे ठरविले. ते पुढचे वर्ष बहुधा लांबतच गेले.

हा तपशील शोभेपुरता नाही. लहान व मोठा अशा रोहितांच्या दोन जाती येथे एकत्र आढळतात. लहान रोहिताची चोच गडद तांबडी असते, तर मोठ्याची गुलाबी असून तिचे टोक काळे असते. सु. १० सेंमी. लांबीच्या चोचीला ५५ मिमी. भिंगाने सु. २३ बिंदूच मिळतात व जात खात्रीने सांगणे अवघड होते. नेरूळ भागातील पाणथळ जागांच्या भवितव्याविषयी नागरिक व प्रशासन यांच्यात दीर्घकाळ वाद चालत आला असून एप्रिल २०२४ मध्ये तेथील डीपीएस तलाव परिसरात काही रोहित मृतावस्थेत आढळले. अमुक ठिकाणी अमुक दिवशी पक्षी होते, हे सांगण्यास अशा प्रसंगी हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येक अंकीय चित्राबरोबर दिनांक व वेळ नोंदली जाते. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ प्रथम कोणी नीट लावले असेल तरच ती नोंद उपयोगी पडते. स्थाननिश्चितीची सोय या श्रेणीत सहसा वगळलेली असे. निकॉनच्या ‘डी५३००’ (२०१३) मध्ये ती होती, त्याहून स्वस्त ‘डी३३००’ मध्ये नव्हती. म्हणून जागेचे नाव वहीत टिपून ठेवणे अगत्याचे ठरे.

संवेदकाच्या नवेपणाचा खरा लाभ दुसरीकडे आहे. नवी मुंबईचा किनारा खाडीच्या पूर्वेस असल्याने सकाळी सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असतो व पक्ष्यांचा गुलाबी रंग उत्तम उमटतो. संध्याकाळी तेच पक्षी प्रकाशाविरुद्ध काळ्या आकृत्या होतात. शिवडी-भांडुपच्या बाजूस याच्या नेमके उलट घडते. परंतु पहाटेचा प्रकाश मंद असतो, स्वस्त लांब भिंगाचे रंध्र लहान असते आणि हलत्या नावेतून चित्र घेताना झडप एक सहस्रांश सेकंदाएवढी जलद चालवावी लागते. अशा वेळी संवेदकाची प्रकाशग्रहणक्षमता वाढविण्यावाचून उपाय नसतो. ‘डी४०’ ची सर्वसाधारण मर्यादा १,६०० आयएसओ होती. ‘डी३५००’ ची २५,६०० आहे. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा हाताचा कंप शमविते. उडता पक्षी ती थांबवू शकत नाही, ही गोष्ट विक्रेते बहुधा सांगत नसत.

कोकणपट्टीच्या हवामानात आणखी एक वजाबाकी महागात पडते. या श्रेणीतील बहुतेक कॅमेऱ्यांच्या सांध्यांना पाणी व धूळ रोखणारी रबरी वेष्टने नसतात. पेंटॅक्सचा ‘के-३०’ (२०१२) यासारखे अपवाद थोडे होते. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांहून अधिक असते. कपाटात बंद ठेवलेल्या भिंगाच्या काचांवर त्या दिवसांत बुरशी धरते, तिचे जाळे काचेवरील लेप कुरतडते आणि साफसफाईनंतरही डाग राहू शकतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवणे व तिचा रंग पालटताच ती तापवून कोरडी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कॅमेरा वापरात ठेवणे हाही एक उपायच होय. पावसाळाभर गुंडाळून ठेवलेला कॅमेरा रोजच्या वापरातील कॅमेऱ्यापेक्षा लवकर बिघडतो.

ऱ्हास : पॅनासॉनिक कंपनीने २००८ मध्ये आरसा नसलेला, भिंग बदलता येणारा ‘जी१’ हा कॅमेरा आणला. आरसा गेल्याने कॅमेरा आटोपशीर झाला व संवेदकावर पडणारे चित्रच डोळ्याला दिसू लागले. दुसऱ्या बाजूने मोबाइल दूरध्वनीने घरगुती चित्रांचे काम आपल्याकडे घेतले. प्रतिक्षेपी अंकीय कॅमेऱ्यांची जगभरातील पाठवणी २०१२ मध्ये सु. १·६२ कोटी होती. २०२० मध्ये ती २४ लक्षांच्या आसपास आली व आरसाविरहित कॅमेऱ्यांनी तिला मागे टाकले. कॅनन व निकॉन यांनी २०१८ मध्ये नव्या बैठकीचे आरसाविरहित पूर्णाकार कॅमेरे आणले. २०२२ पर्यंत निकॉनने ‘डी३५००’ व ‘डी५६००’ यांचे उत्पादन थांबविले.

त्यामुळे या श्रेणीची निवड आता बव्हंशी वापरलेल्या मालातून करावी लागते. झडप किती वेळा उघडली हे अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रांतील नोंदीवरून कळते. ‘डी३५००’ ची झडप एक लाख वेळांपर्यंत तपासलेली आहे; त्यामुळे वीस-पंचवीस हजारांचा आकडा चिंतेचा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भिंग उजेडासमोर धरून आतील बुरशी पाहणे, बैठकीवरील पितळी संपर्क गंजले आहेत काय हे तपासणे आणि मूळ पावती मागणे. खाडीकाठी वापरलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत खारी हवा लक्षात घेऊन संपर्कांची तपासणी विशेष बारकाईने करावी लागते.

कॅननची ‘ईएफ’ भिंगे जोडकड्याच्या साहाय्याने त्या कंपनीच्या नव्या ‘आरएफ’ बैठकीच्या कॅमेऱ्यांवर स्वयंचलित केंद्रीकरणासह चालतात. निकॉनच्या ‘एफटीझेड’ जोडकड्यातही मोटर नाही. त्यामुळे नव्या ‘झेड’ कॅमेऱ्यांवर जुन्या, मोटरविरहित भिंगांचे केंद्रीकरण हातानेच करावे लागते. २००६ मध्ये ‘डी४०’ घेतल्यामुळे ज्यांना जुनी स्वस्त भिंगे सोडून ‘एएफ-एस’ भिंगे विकत घ्यावी लागली, त्यांची ती भिंगे मात्र या कॅमेऱ्यांवर आपोआप केंद्रित होतात.